मरळीचा ठसा

१६ जानेवारी २०२५, गुरुवार. सकाळी ७.१०

रिटायर होऊन सोळा दिवस. डेपोतल्या सेंडऑफला सगळे म्हणाले, भीमराज साहेब, आता आराम करा. छत्तीस वर्षं शेजारी बसून या लोकांना माझा स्वभाव कळला नाही. मी आराम करणारा माणूस नाही.

बासरी दुकानदाराला परत केली. बासरीतच दोष होता, वरचे सूर निघत नव्हते. बोन्सायचं तर बोलायलाच नको. कढीपत्त्याचं रोप पंधरवडाभर छाटून छाटून शेपमध्ये आणलं होतं, ते बायकोनं, जयमालानं, फोडणीला घातलं. कलेला विरोध घरातूनच सुरू होतो.

पण काल दुपारी यूट्यूबवर खरी दिशा सापडली. ग्योताकू. जपानी कला. अख्खा मासा घ्यायचा, पुसून कोरडा करायचा, अंगाला शाई लावायची, वर पातळ कागद ठेवून बोटांनी दाबत जायचं. कागद उचलला की मासा कागदावर. खवला न् खवला. जपानचे कोळी पूर्वी असे ठसे घेऊन ठेवायचे, कारण मासा केवढा मिळाला याबद्दल कोळी लोक जगभर थापा मारतात. ठसा खोटं बोलत नाही, असं तो व्हिडिओवाला म्हणाला. अंगावर काटा आला. मीही कधी खोटं बोलत नाही. ही कला माझी वाटच बघत होती.

व्हिडिओ तेवीस मिनिटांचा आहे. अकरा मिनिटं पाहिला. पुढचं लक्षात आलं.

कागद: संक्रांत परवाच झाली, भिंगारच्या बाजारात पतंगाचा पांढरा कागद पडून आहे. शाई: स्टॅम्प पॅडची जांभळी, मोठी बाटली, डेपोची आठवण म्हणून आणलेली.

संकल्प: रोज एक मासा. मे महिन्यात नगरला प्रदर्शन, दिवाळीत पुण्याला. जपानचं नंतर. आधी पासपोर्ट काढायला हवा.

१७ जानेवारी, शुक्रवार

जागेचा प्रश्न. चांगला उजेड फक्त पुढच्या खोलीत, आणि तिथे बाबांची कॉट. दिवाळीपासून ते तिथेच पडून आहेत. वय पंच्याऐंशी. त्यांना मागच्या खोलीत हलवू का असं विचारलं, तर जयमालानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पंखा पुसायला घेतला. ठीक आहे. कॉटशेजारी पाट मांडून काम करीन. म्हाताऱ्या माणसाची तेवढीच करमणूक.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आता त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. म्हणजे पथ्य संपलं, प्रकृती सुधारते आहे. जयमाला त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेली आणि डोळे पुसत परत आली. बायकांना आनंदातही रडू येतं.

बाबांना विचारलं काय खाणार. म्हणाले, मरळ. नदीतली. रस्सा अन् बाजरीची भाकर. मग अर्धा तास मरळच. त्यांचं लहानपण नेवाशाकडे प्रवरेच्या काठी गेलं. उन्हाळ्यात डोह आटला की चिखलात हात घालून मरळी धरायचे, जाळं नाही, गळ नाही. आंगठा कल्ल्यामागं गेला पायजे, मंग कुटं जाती ती, हे मी जन्मापासून ऐकतो आहे. सांगताना उजवा हात वर करून दाखवतात. त्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे. तरुणपणी शुगर फॅक्टरीत उसाच्या कॅरियरमध्ये गेलं. पाहुणे आले की मी त्यांना तो हात गोधडीखाली ठेवायला सांगतो. बघणाऱ्याला बरं वाटत नाही.

एक मासा, दोन कामं. ठसा माझा, रस्सा बाबांचा. याला प्लॅनिंग म्हणतात.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी १२

मासेवाल्या शमशेरभाईंकडे मरळ नव्हती. मुळा धरणाचा माणूस आठवड्यातून एकदा येतो म्हणे, आणि मरळ आली तर आली. चिलापी आणली. कलावंतानं साधन नसल्याची तक्रार करू नये.

ठसा क्रमांक १ घेतला. बाहेरच्याला तो डाग वाटेल. जयमालाला तर वाटलाच. तिने विचारलं हे काय सांडलं. मला त्यात गती दिसते. मासा जरा ओला राहिला असावा.

जांभळी चिलापी जयमालानं शिजवायला नकार दिला. असला मासा मी गॅसवर चढवनार न्हाई, जेवनाराचं तोंड रबरस्टॅम्पासारखं हुईल, असं म्हणाली. तिने मसाला मात्र आधीच वाटून ठेवला होता, खोबरं-लसूण भाजून, घरचा काळा मसाला घालून. त्यात बटाटे टाकले. बाबांनी दोन घास खाल्ले आणि हा मासा कंचा, असं विचारलं.

मासा मांजरीला टाकला. तिने वास घेतला आणि निघून गेली. अडाणी जनावर.

२३ जानेवारी, गुरुवार

रोज एक मासा हा संकल्प आठवड्याला एक असा केला. जपानी लोकही घाई करत नाहीत.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. डेपोतले जुने सहकारी भेटले. त्यांना ग्योताकू समजावलं. दोघं ऐकता ऐकता जिलेबीच्या लाइनीत जाऊन उभे राहिले. तिसरे ऐकत राहिले, त्यांना ऐकू कमी येतं.

१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४

असा दिवस इतिहासात नोंदलाच पाहिजे.

मरळ मिळाली. हातभर लांब, जिवंत. मरळ पाण्याबाहेरही तासन् तास जगते, म्हणून ती जिवंतच विकतात. शमशेरभाई म्हणाले मारून देतो. मी नको म्हटलं. डोक्यावर फटक्याची खूण आली असती आणि ठसा खोटं बोलत नाही. त्यांनी विचारलं, पन साहेब, खायाचीच हाय ना. मी फक्त हसलो.

घरी पाटावर ठेवली. दहा मिनिटं हलली नाही. मेली असं समजून शाई लावली. डोक्यापासून शेपटीपर्यंत, पंख पिनांनी पसरून, अगदी मन लावून. कागद ठेवला. दाबायला सुरुवात केली. तिसऱ्या दाबाला मरळ उठली.

कागद पाठीवर घेऊनच गेली. पाटावरून फरशीवर, फरशीवरून माझ्या पायावर, तिथून बाबांच्या कॉटखाली. फरशीभर जांभळी रेघ. मी कॉटवर चढलो. जयमाला पोळपाट घेऊन आली. आणि बाबा, ज्यांना पंधरा दिवस आधाराशिवाय कूस बदलता येत नव्हती, ते कडेला वळले, उजवा हात खाली सोडला आणि मरळ वर काढली. एका हातानं. अंगठा कल्ल्यामागे. म्हणाले, धरली.

हसत होते. जयमालाही हसत होती. दोघं बराच वेळ हसले. कागद फाटला याचं कोणालाही काही नव्हतं.

पुढचं थोडक्यात: मरळ सोड्यानं धुतली, मिठानं धुतली, राखेनं घासली. पण श्वास घेता घेता शाई कल्ल्यातून आत गेलेली, कापली तर मांससुद्धा जांभळं. बाबा म्हणाले, मला चालतीय, डोळे झाकून खातो. जयमालानं ऐकलं नाही. अंगणात पुरली. वाटलेल्या मसाल्यात अंडी सोडली.

फरशीवरची रेघ पुसू नका असं सांगितलं होतं. ती रेघ म्हणजेच खरं तर ठसा क्रमांक २. आंघोळ करून आलो तोवर पुसलेली.

३ फेब्रुवारी, सोमवार

रश्मीचा पुण्याहून फोन. माझी मुलगी, आयटीत आहे, त्यामुळे तिला सगळं कळतं असा तिचा समज. तिने तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. सतराव्या मिनिटाला सांगितलंय म्हणे की जपानी शाई ही नुसती काजळी असते, ठसा झाला की मासा धुऊन शिजवून खातात, मासा वाया घालवणं तिकडे वाईट समजतात. मग म्हणाली, पप्पा, दिव्यावर ताटली धरा, काजळी मिळते, आजोबांना मासा खाऊ दे. जयमाला मागून म्हणाली, वाटीभर काजळी मी धरून देते.

काजळ तान्ह्या बाळाच्या गालाला लावतात. मी प्रोफेशनल काम करतो आहे.

लग्नपत्रिका छापणाऱ्या कानिफनाथकडून स्क्रीन प्रिंटिंगची काळी शाई आणली. तेलातली, पक्की. निघत नाही हेच तिचं वैशिष्ट्य, असं तो अभिमानानं म्हणाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी मरळ. या वेळी शमशेरभाईंनी मारूनच दिली, मला न विचारता. म्हणाले बाबांना सलाम सांगा. फ्रीजमध्ये ठेवली. आज मूड नाही. घाईत केलेली कला ही कला नसते.

जयमालाला बजावलं की हात लावायचा नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मूड येत होता तेवढ्यात गॅसवाला आला.

८ फेब्रुवारी, शनिवार

कंपोझिशनचा विचार. मासा तिरका की सरळ? बाबांनी सकाळी विचारलं, मरळ आली नव्हं? मी म्हटलं उद्या. दुपारी परत विचारलं. पेज घेत नाहीत. तोंड फिरवतात. लहान मुलासारखा हट्ट झाला आहे त्यांचा. एवढी इच्छाशक्ती आहे म्हणजे अजून दहा वर्षं काळजी नाही.

जयमाला म्हणाली, अहो, अर्धी कापून देते, अर्धी तुम्ही छापा. अर्धा मासा. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर ही समज.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मूड आला. फ्रीज उघडला. मरळीचा मूड गेलेला होता.

तरीही ठसा घेतलाच. मागे हटणाऱ्यातला नाही. डोळा कागदाला चिकटून आला, खवलेही आले, खरेखुरे. हा ठसा क्रमांक ३, भिंतीला लावला नाही कारण माशा येतात.

वास घरभर पसरला. बाबांनी डोळे उघडले, आनंदानं विचारलं, रस्सा झाला का गं जयमाला. ती स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. मी खिडक्या उघडल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माघ पौर्णिमा. उपोसथ, आपल्या बौद्ध घरांत व्रताचा दिवस. आज घरात मासा आणायचा नाही असं मी जाहीर केलं. आयुष्यात कधी पाळलात का, असं जयमालानं विचारलं. चांगल्या गोष्टीला कधीही सुरुवात करता येते.

बाबांना सांगितलं की आज पौर्णिमा आहे म्हणून मासा नाही. त्यांनी मान हलवली. पौर्णिमा म्हटल्यावर ते काही बोलत नाहीत. हे मला आधी सुचायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

संधी स्वतः दार ठोठावते आहे. नगरला सोळा मार्चला हौशी कलावंतांचं जिल्हा प्रदर्शन. विषय: माझी नदी. प्रवेशिका अठ्ठावीसपर्यंत. जणू माझ्यासाठीच काढलंय.

बाबांना नदीबद्दल दोन प्रश्न विचारले, कॅप्शनसाठी. आवाज फार बारीक झाला आहे. मरळ एवढंच कळलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी २

सकाळी शमशेरभाई स्वतः घरी आले. पिशवीत मरळ. मोठी, काळीभोर, आजवरची सगळ्यात सुंदर. मारून, नीट धुऊन आणलेली. म्हणाले, ही गिऱ्हाइकाची न्हाई, ही बाबांसाठी हाय, पहाटे धरणावरनं सोता घिऊन आलो. बाबांच्या उशाशी बसले, हात हातात घेतला, तो अर्ध्या बोटाचाच. जाताना माझ्याकडे न बघता जयमालाला म्हणाले, भाभी, आजच करा.

जयमालानं मसाला भाजायला घेतला. घरात खोबऱ्याचा वास.

मी विचार केला. मसाला होईपर्यंत वीस मिनिटं. ठशाला पाच पुरतात. शाई पक्की आहे खरी, पण रॉकेलनं निघेल, नंतर साबण, नंतर कोमट पाणी. असा मासा पुन्हा मिळायचा नाही आणि प्रवेशिका दहा दिवसांवर. बाबा पंच्याऐंशी वर्षं थांबले, वीस मिनिटांनी काय होतं. हा हिशेब मी तेव्हा केला आणि आताही मला त्यात चूक दिसत नाही.

पाट कॉटला लावला. शाई लावून कागद आणायला आत गेलो. आलो, कागद ठेवला, दाबला, उचलला. काय सांगू. खवला न् खवला. शेपटीच्या रेषा, जबडा, सगळं. इतक्या वर्षांत माझ्या हातून काहीतरी झालं.  वाळायला जागा नव्हती म्हणून बाबांच्या गोधडीवर पसरला आणि जयमालाला हाक मारायला गेलो.

परत आलो तर बाबांचा हात ठशावर. मी कागद आणायला गेलो तेव्हाच त्यांनी पाटावरच्या माशाला हात लावला असणार, कारण तळवा पूर्ण काळा होता. तो काळा पंजा त्यांनी मरळीच्या डोक्याशी दाबून धरलेला. अंगठा कल्ल्यामागे. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना कागद कळलाच नाही. म्हणाले, धरली. जयमाला, रश्श्याला टाक पानी.

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. शेजारच्या दिपालीताई दारात येऊन उभ्या राहिल्या एवढं पुरे. बाबांनी हात उचलला आणि स्वतःच गोधडीखाली घातला.

मरळ रॉकेलनं धुतली. मग तिला रॉकेलचा वास आला.  जयमालानं मसाल्यात बटाटे टाकले नाहीत, अंडी टाकली नाहीत. पातेलं झाकून ठेवलं आणि ओट्यापाशी उभी राहिली.

ठसा गुंडाळून कपाटावर टाकला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

एका दृष्टीनं बघितलं तर बाबांना कागदावरचा मासा खरा वाटला. याहून मोठी दाद कोणती.

जयमाला बोलत नाही. बाबाही नाहीत बोलत. घर शांत आहे, कामाला चांगलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सहा चाळीसला बाबा गेले.

जयमाला जवळ होती. मी अंगणात ब्रश धूत होतो.

अंघोळ घालताना उजव्या हाताची शाई निघाली नाही. साबण लावला, रॉकेल लावलं, शमशेरभाई वरून पाणी ओतत होते आणि जयमाला घासत होती. ती अर्ध्या बोटाचं टोक घासत राहिली. शेवटी रश्मीनं तिचा हात धरला. तसेच नेले.

मला फार वाईट वाटतं आहे. दुसरा शब्द सापडत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगायला हवं होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शमशेरभाई रोज संध्याकाळी येऊन जातात. माझ्याशी हवापाण्याचं बोलतात. रस्सा बाबांना आवडला का, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, फार. जयमाला तेव्हा चहाचे कप घेऊन उभी होती. ती परत आत गेली.

दुःखात होतो. हे खोटं धरता येणार नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ३

प्रवेशिकेची उद्या शेवटची तारीख. बाबांची इच्छा असती की मी थांबू नये.

क्रमांक १ म्हणजे डाग. २ पुसला गेला. ३ वासामुळे पुरावा लागला. राहिला कपाटावरचा. उघडून पाहिला. उजेडात धरला आणि हात चांगला दिसला, खरं सांगायचं तर माशापेक्षा चांगला. कडक, रुंद. मासा निसटू पाहतोय आणि हात सोडत नाहीये असं वाटतं. हे अचानक झालं असं लोकांना वाटेल, पण माझ्या मनात हीच कंपोझिशन होती. आधी तिरका की सरळ याचा मी तीन दिवस विचार केला होता, रोजनिशीत नोंद आहे.

फॉर्म भरला. शीर्षक: मानव आणि मत्स्य. माध्यम: ग्योताकू. एक रकाना: चित्रातील सर्व काम कलावंताने स्वतः केले आहे का? हो लिहिलं. खाली जोडलं, हात कलावंताचा स्वतःचा. उगाच प्रश्न नकोत. मधलं बोट अर्धं उमटलंय, ते कागदाच्या सुरकुतीत गेलं असं म्हणता येईल.

२ मार्च, रविवार

बाबांचं पुण्यानुमोदन. बरीच माणसं आली. वंदना झाली. त्यांच्या आवडीचा पदार्थ फोटोपुढे ठेवायचा म्हणून रश्मीनं विचारलं काय ठेवू. जयमालानं फोटोपुढची मेणबत्ती सरळ केली. मग तिने पेढे ठेवले. बाबांना पेढे आवडायचे नाहीत.

८ मार्च, शनिवार. सकाळी ११

फोन आला. माझं चित्र निवडलं गेलं. नुसतं निवडलं नाही, विशेष उल्लेखनीय. परीक्षक आरती मॅडम, चित्रकलेच्या शिक्षिका, फोनवर म्हणाल्या की तीस वर्षांत असा हात पाहिला नाही, हातात आयुष्य दिसतं. मी म्हटलं, आयुष्य तर आहेच.

म्हणाल्या, बक्षीस घेताना स्टेजवर सगळ्यांपुढे ठसा घेऊन दाखवाल का. का नाही?

भिंगारमध्ये सगळ्यांना सांगून आलो. डेपो, कानिफनाथ, दिपालीताई, शमशेरभाई. शमशेरभाईंनी दुकान बंद ठेवून येतो म्हटलं, बाबांच्या घरचा मान हाय. जयमालाला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

१५ मार्च, शनिवार

भाषण पाठ केलं. चार मिनिटं. सुरुवात जपानपासून, शेवट माझ्यापाशी. पासपोर्टच्या फॉर्मची प्रिंट काढली.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ७

हॉल भरलेला. माझं चित्र मधोमध, काचेत. जयमाला आणि रश्मी पहिल्या रांगेत. रश्मीनं चित्र पाहिलं आणि आईचा हात धरला. मला वाटलं अभिमान.

भाषण चांगलं झालं. ठसा खोटं बोलत नाही या वाक्याला टाळ्या पडल्या. मग आरती मॅडमनी टेबलावर पातळ कागद आणि शाई ठेवायला सांगितली. मासा नव्हता. म्हणाल्या, मासा राहू दे, आम्हाला तो हात बघायचाय. आता तुमच्या हाताचा ठसा घ्या, आपण चित्राशेजारी लावू.

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

हात शाईत बुडवला, कागदावर दाबला, उचलला. त्यांनी कागद काचेशेजारी धरला. माझा हात तिथे फार लहान दिसत होता. मऊ, गोल. बोटं पाच, सगळी पूर्ण. मी म्हटलं, चित्रातलं एक बोट सुरकुतीत गेलं होतं. मॅडम चांगल्या आहेत, म्हणाल्या असेल, पुन्हा दाबा. पुन्हा दाबला. पाच. तिसऱ्यांदाही पाच.

तेवढ्यात मागून शमशेरभाई उठले. त्यांना कुठे काय बोलावं याची जाण नाही. मोठ्या कौतुकानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, अहो, हा साहेबांचा न्हाई, हा आमच्या रंभाजीबाबांचा हात हाय. फॅक्टरीत गेलेलं बोट हाय ते. शेवटच्या अंघोळीला पानी मीच ओतलं, तवाबी हात असाच काळा हुता. मग चित्राकडे बघत राहिले. नंतर हळू आवाजात म्हणाले, अन् ही तर माझी मरळ.

मला वाटतं त्यांना तेव्हा कळलं. खाली बसले आणि नंतर चहालाही थांबले नाहीत.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

सर्टिफिकेट दिलं. तिथेच पेनानं माझं नाव खोडून वर कै. रंभाजी असं लिहिलं. खाडाखोडीवर कोणाची सही नाही. डेपोत असा कागद मी परत पाठवला असता. स्टेजवर ते जयमालानं घेतलं. मग तिने पदरानं चित्राची काच पुसली, बोटाच्या जागी.

१७ मार्च, सोमवार. दुपारी १.३०

सकाळी जयमाला एकटी बाजारात गेली. पिशवी घेऊन आली, मला दाखवली नाही. खोबऱ्याचा वास. लसणाचा वास. भाकरी थापल्याचा आवाज. मी पुढच्या खोलीत बसलो होतो. कॉट आता तिथे नाही, उजेड भरपूर आहे.

तिने पहिलं ताट बाबांच्या फोटोपुढे ठेवलं. मरळीचा रस्सा, बाजरीची भाकर. रश्मीचं ताट. स्वतःचं ताट. मग माझं. डोक्याकडचा तुकडा, वाटीभर रस्सा. माझ्यापुढे ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, आधी छापून घेता का.

मी नाही म्हटलं. हात धुतले. कालची शाई नखांत राहिली आहे, निघत नाही. तसाच जेवलो. रस्सा चांगला झाला होता.